टॉर्च फुल्लवर मंदावते: उष्णता बाहेर काढायची कशी?

रानवाट्या (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे एका १८६५० सेलवर (चार्ज होणारा लिथियम सेल) चालणारी टॉर्च आहे. ॲल्युमिनियमची काळी बॉडी, आत एक्सएम-एल२ जातीची एलईडी, ड्रायव्हरवर (एलईडीला जाणारा करंट सांभाळणारं सर्किट) ७१३५ नंबरच्या आठ चिप. प्रत्येक चिप ३५० मिलिअँपिअर, म्हणजे फुल्लवर २.८ अँपिअर. रात्रीच्या ट्रेकला हीच नेतो. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, धागा भरकटेल.

तक्रार अशी की फुल्लवर लावली की दोन-अडीच मिनिटांत उजेड उतरतो. नुसता उतरत नाही, थोडा निळसर पण होतो. मोबाइलच्या लक्स ॲपवर (उजेड मोजणारं ॲप) आकडा तीस टक्क्यांनी खाली आला. दुसरा, पूर्ण चार्ज केलेला सेल टाकून पाहिला, तेच.

डोक्यात आलेले उपाय:
– बॉडीचा काळा रंग खरवडून उघडं ॲल्युमिनियम चकचकीत करावं
– डोक्याला बाहेरून तांब्याची जाड रिंग ठोकून बसवावी
– लेथवर अजून पाकळ्या (हवेत उष्णता सोडणाऱ्या कडा) पाडून घ्याव्यात

एक गोष्ट कळत नाही. उजेड उतरतो तेव्हा बॉडी नुसती कोमट असते, सहज हातात धरता येते. मग तापतंय काय?

---

शंकासुर

तापतच नसेल. बऱ्याच ड्रायव्हरमध्ये टायमर असतो, ठरावीक वेळाने तो आपोआप करंट कमी करतो. उजेड उतरला की लगेच बंद करून पुन्हा चालू करा. लख्ख पेटली तर टायमर. तशीच मंद राहिली तर उष्णता.

---

डागडुजी

शंकासुराशी चक्क सहमत. ही चाचणी आधी करा, मग खर्च.

---

रानवाट्या

केली. बंद करून लगेच लावली तरी मंदच. पाच-सात मिनिटं थांबून लावली तर पुन्हा लख्ख.

---

उष्णोदक

मग निदान झालं. तुमच्या शेवटच्या ओळीतच उत्तर आहे. बॉडी कोमट आहे हीच तर वाईट बातमी!

जुन्या बल्बवाल्या पितळी बॅटरीत तारेची बरीचशी उष्णता इन्फ्रारेड होऊन उजेडाबरोबर पुढच्या काचेतून निघून जायची. एलईडी पुढे उजेड टाकते आणि उष्णता मागे, स्वतःच्या बुडाखाली सोडते. तिथून ती धातूतून वाहत बॉडीपर्यंत आली तरच सुटका. तुमच्या एलईडीला साधारण ९ वॅट जातात. त्यातला तिसरा हिस्सा उजेड धरला तर ६ वॅटची उष्णता काही चौरस मिलिमीटर जागेतून मागे निघाली पाहिजे. ती बॉडीत पोचली असती तर दोन-अडीच मिनिटांत बॉडी चांगलीच गरम लागली असती. कोमट आहे म्हणजे वाट आत कुठेतरी तुंबली आहे आणि एलईडी एकटी भाजून निघते आहे. उजेड निळसर होणं हेही त्याचंच लक्षण, निळ्या उजेडाचा पांढरा करणारा वरचा पिवळा थर, म्हणजे फॉस्फर, तापला की नीट काम करत नाही.

प्रश्न दोन आहेत, ते एकत्र करू नका. एलईडीपासून बॉडीच्या कातडीपर्यंत उष्णता कशी पोचते हा पहिला, आणि कातडीपासून हवेत कशी जाते हा दुसरा. तुमचे तिन्ही उपाय दुसऱ्या प्रश्नाचे आहेत आणि दुखणं पहिल्यात आहे.

रंग तर अजिबात खरवडू नका. तो रंग नाही, ॲनोडायझिंग आहे, धातूवरच वाढवलेला ऑक्साइडचा अतिशय पातळ थर. तो उष्णतेला अडवत नाही, उलट किरणोत्सर्गाने बाहेर फेकायला मदत करतो. ॲनोडाइज केलेल्या पृष्ठभागाची उत्सर्जकता (उष्णता किरणांनी फेकायची क्षमता, जास्तीत जास्त १) ०.८ च्या आसपास, चकचकीत उघड्या ॲल्युमिनियमची जेमतेम ०.०५. स्थिर हवेत टॉर्चची चाळीसएक टक्के उष्णता अशी किरणांनी जाते. ती तुम्ही पॉलिश पेपरने पुसून टाकायला निघाला होता.

उघडा आणि फोटो टाका. कुठे धातूला धातू टेकतो आणि कुठे फट आहे ते बघायचं.

---

लेथवाला_कोल्हापुरी

ताईंनी बरोबर सांगितलंय. बाहेरनं रिंग ठोकायची आयडिया तर सोडाच राव. ठोकून बसवली तरी रिंग आणि बॉडीच्या मधे हवा राहतीच. गोल कधी अगदी गोल नसतोय.

---

रानवाट्या

उघडली. फोटो चढत नाहीये, शब्दांत सांगतो.

बेझल (तोंडाची कडी), काच, रिफ्लेक्टर काढला. एलईडी १६ मिमीच्या ॲल्युमिनियमच्या चकतीवर आहे. चकती ज्यावर बसते ती पितळी पिल (डोक्यातली डबीसारखी बैठक) आट्यांनी बॉडीत फिरते. चकती सोडवून उचलली तर खाली पिल पोकळ! चकती फक्त कडेच्या दीड मिलिमीटरच्या कठड्यावर टेकली होती. त्या कठड्यावर थर्मल पेस्टचा (उष्णता पुढे नेणारा लेप) मागमूस नाही. पांढऱ्या पेस्टचा वाळलेला गोळा चकतीच्या पाठीला मधोमध चिकटलेला, खाली काहीच नाही. म्हणजे हवेत लोंबकळत होता.

---

डागडुजी

😂 पेस्ट लावलीय असं सांगायला मोकळे.

---

उष्णोदक

चोर सापडला. आता हिशोब मांडते, म्हणजे कुठे पैसे घालायचे ते कळेल. मी आकडे गोल केले आहेत.

१६ मिमीच्या चकतीचं क्षेत्रफळ साधारण २ चौरस सेंटिमीटर. तिच्याखाली एक दशांश मिमी जाडीची नुसती हवा असेल तर प्रत्येक वॅटला १९ अंशांचा फरक पडतो. ६ वॅटला शंभराच्या वर. त्याच जाडीत बऱ्यापैकी पेस्ट असेल तर हाच फरक एक अंशाच्या आत येतो. म्हणून "महागडी पेस्ट घेऊ का साधी?" हा वाद टॉर्चपुरता फिजूल आहे. पेस्ट असणं, आणि ती पातळ असणं, एवढंच महत्त्वाचं. साधी पांढरी पेस्ट अर्धा मिमी जाड थापली तर मात्र तीच पंधरा अंश खाते. पेस्टचं काम खाचखळगे भरणं. पोकळी भरायला धातूच लागतो.

तुमच्या बाबतीत कठड्याची जागा चकतीच्या एक तृतीयांश, तीही कोरडी. एलईडी जिवंत आहे हेच नवल.

दुसरा अडथळा ती चकती स्वतः. साध्या ॲल्युमिनियम चकतीत तांब्याची नक्षी आणि ॲल्युमिनियम यांच्यामधे विद्युतरोधक थर असतो आणि तो उष्णतेलाही रोधतो. एलईडीच्या बुडाएवढ्या छोट्या जागेत तो एकटा पंधराएक अंश घेतो. तांब्याच्या 'डायरेक्ट थर्मल पाथ' चकतीत एलईडीचं मधलं पॅड थेट तांब्यावर झाळलेलं असतं, मधे थरच नाही. एक्सएम-एल२ चं मधलं पॅड विजेपासून अलग असल्यामुळे हे जमतं.

आधी पोकळी, मग चकती. पाकळ्या सगळ्यात शेवटी.

---

शंकासुर

बॉडीच तांब्याची घेतली असती तर?

---

उष्णोदक

शंकासुर, उष्णतावाहकता बघा: तांबं ४०० च्या आसपास, ६०६१ ॲल्युमिनियम १६७, पितळ ११० ते १२०, स्टेनलेस स्टील जेमतेम १६ (वॅट प्रति मीटर प्रति अंश). बॉडीपर्यंत आल्यावर ॲल्युमिनियम आणि तांबं यांत फरक दोन-चार अंशांचा. खरी अडचण हवेशी आहे आणि हवेला आतला धातू कोणता ते कळत नाही. हां, स्टीलची देखणी टॉर्च घेऊ नका. डोकं भाजतं आणि शेपटी थंड राहते.

साठवणीचं म्हणाल तर किलोमागे ॲल्युमिनियम तांब्याच्या दुपटीहून जास्त उष्णता झेलतं. पण एवढ्याशा पोकळीत जागा मोजून असते आणि तेवढ्याच जागेत तांबं चाळीसेक टक्के जास्त झेलतं. म्हणून आतला ठोकळा तांब्याचा, बाहेरची बॉडी ॲल्युमिनियमची.

---

लेथवाला_कोल्हापुरी

आता आमचं काम आलं. तांब्याचा रॉड घ्या. पुण्यात असाल तर तांबट आळी किंवा बोहरी आळीत विचारा, तुकडा मिळून जाईल. टर्नरला एवढंच सांगा:

पिलच्या आतलं माप व्हर्नियरनं घ्यायचं आणि ठोकळा त्याहून केसभर मोठा ठेवायचा. पिल गरम करून ठोकळा दाबून बसवायचा, थंड झाली की आवळून धरती. सैल ठेवून पेस्ट भरली तर परत तेच रडगाणं. बसवल्यावर पिल चकात धरून वरनं एक बारीक फेसिंग मारायचं (तोंड सपाट कापून घ्यायचं), म्हणजे कठडा आणि ठोकळा एकाच पातळीत येतात. हे विसरू नका. ठोकळा कठड्याच्या जरा जरी खाली राहिला तरी चकती परत कठड्यावरच टेकणार आणि मधे हवा.

तांबं लेथवर चिवट. टूलला धार पाहिजे, नाहीतर धातू कापत नाही, ओढला जातो.

वायरची दोन भोकं पाडल्यावर कडा मारून घ्या. धारदार कडेवर वायरचं कातडं कापलं की तांबं म्हणजे शॉर्ट, आणि १८६५० चा शॉर्ट म्हणजे खेळ नाही.

---

डागडुजी

यात थोडी भर.

ठोकळ्याची उंची धरताना ड्रायव्हर खाली कुठपर्यंत येतो ते मोजा. ठोकळ्याची खालची बाजू ड्रायव्हरच्या पार्टला लागली तर तिथेही शॉर्ट. मधे कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी विद्युतरोधक पट्टी).

तांब्याची चकती घेतलीत तर जुनी एलईडी काढून त्यावर बसवावी लागेल. सोल्डरिंग गनने होत नाही, पॅड बुडाखाली असतात. खालून तापवायचं. शेगडीवर जुना तवा ठेवून करतात, चालतं. पण तो तवा परत भाकरीला नको, साध्या सोल्डर पेस्टमध्ये शिसं असतं. ६३/३७ ची (कथील/शिसं) पेस्ट १८३ अंशाला वितळते. अगदी पातळ लावा. पेस्ट वितळली की एलईडी आपोआप सरकून जागेवर बसते, ते बघण्यासारखं असतं. मग घुमट सोडून कडेवर चिमट्याने हलकेच टेकवायचं. कडेने दोन-तीन बारीक गोळ्या बाहेर येतात, त्या पुसून घ्या. वरच्या घुमटाला चिमटा लावू नका, मऊ सिलिकॉन आहे, सोलून निघेल.

पिलच्या आट्यांनाही थर्मल पेस्टचा पातळ हात फिरवा. पिल ते बॉडी हा रस्ता आट्यांतूनच जातो आणि स्वस्त टॉर्चमध्ये आटे ढिले असतात. फारच ढिले असतील तर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल एक वेढा गुंडाळून फिरवा. दिसायला गावठी, पण चालतं.

आणि रिफ्लेक्टर परत बसवताना बेझल नीट आवळा. चकतीला वरून दाब मिळतो तो रिफ्लेक्टरचाच. मधली पांढरी प्लॅस्टिकची चकती विसरलात तर रिफ्लेक्टर वायरच्या टाक्यांना टेकून शॉर्ट होईल.

---

बांधावरून

मी जुन्नरचा. धागा आवडला, निम्मा डोक्यावरून गेला. आम्हाला थ्री फेज लाइट आलटून-पालटून रात्रीची येते, मग दारं धरायला (पिकाला पाणी द्यायला) रात्रीच जावं लागतं. शेजारी ऊस आणि उसात बिबट्या. गावात एकाने ऑनलाइन दहा हजार लुमेनची (लुमेन म्हणजे उजेडाचं माप) बॅटरी घेतली, प्लॅस्टिकची, मोठं डोकं. पहिले दहा सेकंद दिवाळी, मग आमची जुनी बरी. हे तेच दुखणं का?

---

उष्णोदक

तेच दादा, आणि त्याला इलाज नाही. प्लॅस्टिकची उष्णतावाहकता ०.२ च्या घरात, ॲल्युमिनियमच्या आठशेव्या हिश्श्याइतकी. उष्णता बाहेर यायला वाटच नाही. दहा हजार हा आकडाही खोक्यावरचाच समजा. एका १८६५० सेलवर तेवढा उजेड बसत नाही.

पण तुमचा प्रश्न फार चांगला आहे, कारण तुम्हाला दोन वेगवेगळे उजेड हवेत. पाटाच्या कडेने चालायला तीन-चार तास टिकणारा बेताचा उजेड, आणि उसात सळसळ झाली तर पाच-दहा सेकंदांचा झगझगाट.

झगझगाटाला वजन लागतं. उष्णता बाहेर जायला वेळच नसतो, धातू ती तेवढ्यापुरती पोटात घेतो. रानवाट्यांच्या बॉडीत ८० ग्रॅम ॲल्युमिनियम धरलं तर एक अंश चढायला ७२ ज्यूल लागतात. एलईडीचे ६ आणि ड्रायव्हरचे २ असे ८ वॅट पकडले तर पहिल्या मिनिटाला सहा-सात अंश चढणार. दहा सेकंदांत एक अंश! काहीच नाही.

रात्रभराच्या उजेडाला पृष्ठभाग लागतो. तिथे वजन फक्त उशीर करतं. २४ मिमी जाडीची, ११८ मिमी लांबीची नळी स्थिर हवेत दर अंशाला जेमतेम दशांश वॅट सोडते. म्हणजे एक वॅट म्हणजे हवेपेक्षा नऊ-दहा अंश वर. ८ वॅट सतत चालवले तर हवेपेक्षा सत्तर-पंचाहत्तर अंश वर जाऊन थांबेल! हात पन्नाशीला सोडतो आणि लिथियम सेलला साठच्या वर नेऊ नये. म्हणून एवढ्याशा नळीत 'सतत फुल्ल' हे कोणत्याही पेस्टने होणार नाही.

तुम्ही मोठ्या डोक्याची धातूची घ्या आणि रात्रभर मधल्या मोडवर ठेवा.

---

बांधावरून

आता कळलं. फुल्ल फक्त बिबट्यासाठी.

---

शंकासुर

बिबट्याला लुमेन मोजता येत नाहीत हे एक बरं आहे.

पण ताई, मग पाकळ्या शोभेच्याच म्हणायच्या?

---

उष्णोदक

बहुतेक टॉर्चवरच्या, हो. एक मिलिमीटरच्या फटीत हवा वाहतच नाही, चिकटून बसते. नुसत्या हवेच्या भरवशावर असाल तर दोन पाकळ्यांमध्ये निदान चार-पाच मिमी हवेत, आणि पाकळ्या खोल हव्यात. पातळ बॉडीला तेवढं खोल कापता येत नाही.

दिशाही बघा. टॉर्चभोवती कड्यांसारख्या पाकळ्या असतात. टॉर्च आडवी धरली की त्या उभ्या होतात, गरम हवा फटीतून वर निघून जाते. तीच टॉर्च तंबूत शेपटीवर उभी करून छताकडे लावली की कडी आडवी होतात आणि हवा अडकते.

याहून स्वस्त उपाय म्हणजे चालत राहणं. साध्या चालण्याच्या वाऱ्याने उष्णता जवळजवळ दुप्पट वेगाने जाते, सायकलच्या हँडलवर तर त्याहूनही जास्त. आणि तळहात. तळहातातलं रक्त बरीच उष्णता वाहून नेतं.

---

कुर्ली

आम्ही मालवणकडे, पहिल्या पावसात कुर्ल्या (खेकडे) पकडायला रात्री वहाळात (ओढ्यात) जातो. टॉर्च तापली की बाबा सरळ पाण्यात बुचकळतात. लगेच थंड. यात काही वाईट आहे का?

---

उष्णोदक

पाण्याइतकं थंड करणारं जवळपास दुसरं काही नाही. डायव्हिंगच्या टॉर्च पाण्यातच फुल्लवर वापरायच्या म्हणून बनवतात, बाहेर काही मिनिटांत भाजतात. पण साधी टॉर्च तापलेली असताना बुचकळू नका. आतली गरम हवा एकदम आकसते, आत दाब कमी होतो आणि ओ-रिंग (सांध्यातली पाणी अडवणारी रबरी कडी) जरा जरी सुकलेली असेल तर पाणी आत ओढलं जातं. बाबांना सांगा, तापायच्या आधीपासूनच ओलं फडकं गुंडाळून ठेवा. ओ-रिंगला वर्षातून एकदा सिलिकॉन ग्रीस.

---

कुर्ली

सांगते. ऐकतील असं नाही.

---

रानवाट्या

मंडळी, काम झालं. भोसरीतल्या ओळखीच्या टर्नरकडून तांब्याचा ठोकळा दाबून घेतला आणि वरून फेसिंग मारून घेतलं. तांब्याची चकती मागवली, एलईडी तव्यावर बसवली. ती सरकून जागेवर बसते ते खरंच बघण्यासारखं आहे. आट्यांना पेस्ट.

फुल्लवर आता लक्सचा आकडा पाच मिनिटांत पाच-सहा टक्केच उतरतो, निळेपणा गेला. पण बॉडी तीन-चार मिनिटांतच हात लावू देत नाही! इन्फ्रारेड थर्मामीटरने डोकं मोजलं तर बेझल ३४ अंश दाखवतंय. हाताला तर चटका बसतोय. थर्मामीटर बिघडला का?

---

शंकासुर

म्हणजे पैसे घालून कोमट टॉर्चची गरम टॉर्च केली. अभिनंदन!

---

उष्णोदक

शंकासुर, ती उष्णता आधीही होतीच, फक्त एलईडीच्या पोटात होती. आता बाहेर आली.

रानवाट्या, थर्मामीटर ठीक आहे. बेझल चकचकीत आहे ना? मग तो धातूचं नाही, त्यात पडलेलं खोलीचं प्रतिबिंब मोजतोय. काळी इन्सुलेशन टेप चिकटवा, ती गरम होऊ द्या आणि तिच्यावर मोजा.

---

रानवाट्या

टेपवर ५४.

---

डागडुजी

आता शेवटचा आणि फुकटचा उपाय. ड्रायव्हरवरच्या आठपैकी दोन-तीन चिप उचलून टाका. करंट अर्धा केला तर उजेड अर्धा होत नाही, साठ टक्क्यांच्या आसपास राहतो, कारण कमी करंटला एलईडी जास्त कार्यक्षम. उष्णता मात्र निम्म्याहून कमी होते. आणि डोळ्याला हजार आणि आठशे लुमेनमधला फरक शेजारी-शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

शिवाय ७१३५ हा लिनियर ड्रायव्हर, सेलचं जास्तीचं व्होल्टेज तो नुसतं जाळतो. पूर्ण चार्ज सेल ४.२, एलईडीला लागतं ३.३ च्या आसपास, मधल्या फरकाला २.८ अँपिअरने गुणा, अडीच वॅट! म्हणून ताज्या सेलवर पहिली काही मिनिटं सगळ्यात गरम. ड्रायव्हर आणि ठोकळा यांच्यामध्ये थर्मल पॅडचा (उष्णता पुढे नेणारी मऊ गादी) तुकडा दाबून ठेवा, तीही उष्णता बॉडीत जाईल. इपॉक्सी ओतू नका. उद्या ड्रायव्हर बदलायचा झाला तर कानस घेऊन बसाल.

---

रानवाट्या

दोन चिप काढल्या, आता २.१ अँपिअर. पॅडही टाकला. काल रात्री टेकडीवर तासभर चालवली. चालताना टेपवरचा आकडा पंचेचाळिशीच्या आसपास स्थिर राहतो, थांबलो की चढायला लागतो. उजेडातला फरक बरोबरच्या कोणालाच कळला नाही. सर्वांचे आभार, विशेषतः उष्णोदक ताई.

---

बांधावरून

लेथवाले भाऊ, गावातल्या त्या प्लॅस्टिकवाल्याचं सोडा, पण माझ्याकडे एक जुनी ॲल्युमिनियमची आहे, तिचीही पिल पोकळच निघाली. आतलं माप १५ आहे. ठोकळा करून पाठवाल का? काय पडतील ते सांगा.

---

लेथवाला_कोल्हापुरी

कशानं मोजलं? पट्टीनं असंल तर उपयोग नाही, १५ म्हणजे १४.८ पण असंल नाहीतर १५.२ पण. पिल कुरियर करा, ठोकळा इथंच दाबून, फेसिंग मारून परत पाठवतो. ड्रायव्हर आणि चकती काढून ठेवा, वायर कुठनं जातात त्याचं एक चित्र कागदावर काढून बरोबर टाका. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.